खुशालभाऊंचा आरोपी

माझ्या वकिलीत मी बांधासाठी भांडणारे सख्खे भाऊ पाहिले, सोडचिठ्ठी घेऊन एकाच ऑटोत बसून गेलेले नवराबायको पाहिले. पण ज्याच्यावर केस टाकली त्यालाच आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून तारखेला आणणारा फिर्यादी मी एकच पाहिला. खुशालभाऊ. गोंडपिपरीच्या कोर्टासमोर त्यांची जुनी गाडी थांबली की आधी आरोपी उतरायचा, गाडी मागून घट्ट धरायचा आणि मग फिर्यादी उतरायचे, कारण गाडीचं स्टँड ढिलं होतं. मग दोघं मिळून झाडाखालच्या माझ्या टेबलाशी येत.

"वकीलबाई, आणलं बरं का आरोपीले," खुशालभाऊ सांगायचे. "हजेरी लावून टाका त्याची."

पहिल्यांदा मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, याला तुम्ही कशाला आणता? नाही आला तर वॉरंट निघेल. ते आपल्याच फायद्याचं आहे."

"अन् वॉरंट घेऊन पोलीस त्याच्या घरी गेले तर त्याची माय घाबरून नाई जाईन? तुमी बी बाई, का बोलून राह्यल्या."

"पण केस तुम्हीच टाकली ना त्याच्यावर?"

"टाकली ना. म्हणून त्याले पायी येऊ द्याचं का? बस कुठी आहे सकाळची?"

मी आरोपीकडे पाहिलं. विलास नाव त्याचं. तिशीतला, सडपातळ, खाली पाहून उभा राहणारा. त्याच्या हातात खुशालभाऊंचा डबा होता.

खुशालभाऊंचा धंदा पडद्यांचा. खिडकीला लावतात ते नव्हे, नाटकाचे. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतं. कंपनी बाहेरून येते, पण स्टेज आणि पडदे बहुतेक ठिकाणी खुशालभाऊंचे. महाल, जंगल, रस्ता, झोपडी, कोर्ट असे सगळे पडदे त्यांच्या घरात वळकट्या करून ठेवलेले. माणूस जगाकडे बघायचा तोही पडद्यांच्याच हिशेबानं. तहसीलदाराच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती झाली, सगळे वाहवा करत होते, आणि खुशालभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "महालाचा पडदा याच्यापेक्षा बरा आहे, बाई. इथी खांबच नाई."

कोर्टाच्या पडद्याबद्दल तर त्यांना फार अभिमान. त्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई, हातात तराजू, उंच खुर्ची, टेबलावर लाकडी हातोडा. त्यामुळे आमचं तालुक्याचं खरं कोर्ट पाहून त्यांचा विरस झाला.

"हातोडा नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग लोकं चूप कसे होते?"

"साहेब बघतात ना एकदा, की होतात."

त्यांनी मान हलवली. पण पुढच्या मोसमाआधी त्यांनी पेंटर बोलावला आणि पडद्यावर हातोड्याच्या जागी लाल फडक्यात बांधलेल्या फायली काढून घेतल्या, वर एक वाकडा पंखा काढला आणि कोपऱ्यात काळ्या कोटातली एक बाई. "तुमाले बी घेतलं," त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. मी जाऊन पाहिलं. चेहऱ्याचा रंग संपला असावा, कारण माझा चेहरा कोटापेक्षा निळा आहे आणि मी कोणाला तरी चावायला निघाल्यासारखी दिसते. तसा तो पेंटर मला ओळखत नव्हता.

तर केसची गोष्ट. खुशालभाऊंचा मुलगा हैदराबादला नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, बाबा, नगदीचे दिवस गेले, आता चेक घेत जा, पक्कं काम असतं. आजवर खुशालभाऊंचा सगळा धंदा तोंडावर चालला होता. पोराचा सल्ला त्यांनी मानला आणि स्टेज-पडद्यांच्या भाड्यापोटी आयुष्यात पहिला चेक मागितला, तो नेमका विलासकडे. विलास शेजारच्या गावच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, तिथंच खोली करून राहणारा, म्हणजे गावात बँकेत खातं आणि चेकबुक असलेला तोच एक. मंडळाचं खातं कुठलं असायला? त्यानं आपल्याच चेकवर सही करून दिली. तिकिटाचे पैसे गोळा होणार, ते खात्यात भरणार, चेक वटणार, असा साधा हिशेब.

मध्ये वाघ आला. नाटकाच्या दिवशी संध्याकाळी गावच्या रस्त्यावर, पुलाजवळ, वाघ येऊन बसला आणि बसूनच राहिला. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या, मोटारसायकली, ऑटो जे काही यायचं होतं ते सगळं अर्ध्यातून परत गेलं. नाटक झालं, पण बघायला गावचेच लोक, आणि गावचे लोक तिकीट काढत नाहीत, ते मंडळाचे सदस्य असतात. कंपनीला तेवढे पैसे कसेबसे दिले. खात्यात भरायला काही उरलं नाही.

खुशालभाऊंनी चेक बँकेत टाकला, परत आला. कोणी सांगितलं पुन्हा टाका, पुन्हा टाकला, पुन्हा परत आला. दोन्ही वेळा बँकेनं खुशालभाऊंच्या खात्यातून दंड कापला आणि विलासच्या खात्यात जे काही चिल्लर होतं तेही कापून घेतलं. खुशालभाऊ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा राग विलासपेक्षा बँकेवर जास्त होता. "म्हंजे भांडण आमचं, अन् जेवून गेली बँक," ते म्हणाले.

मी चेक मागितला. त्यांनी पिशवीतून काढला तो लॅमिनेशन केलेला. एका बाजूला चेक, दुसऱ्या बाजूला बँकेची 'पैसे अपुरे' असं लिहिलेली चिठ्ठी, आणि दोन्ही मिळून जाड प्लास्टिकमध्ये कायमचे बंद.

"हे काय केलंत?"

"उंदीर लागते ना बाई पडद्याच्या खोलीत. आधारकार्डासारखं करून टाकलं. आता पिढ्यान्‌पिढ्या टिकते."

पुढे कोर्टाच्या बाबूला त्यावर निशाणी क्रमांक टाकायचा होता. शिक्का प्लास्टिकवरून पुसला जायचा. शेवटी त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू लॅमिनेशनचं दुकान माझं आहे.

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. चेक परत आल्याची चिठ्ठी मिळाली की तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस. त्यानं दिले तर विषय संपला. नाही दिले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात फिर्याद. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खुशालभाऊ मन लावून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "सजा झाली तर ह्या पोट्ट्याचा वीज केंद्रातला गेटपास राहीन का?"

"नाही राहणार. ठेकेदार पोलिसांचा दाखला मागतात. शिक्षा झालेल्या माणसाला आत कोण घेईल? नोकरी जाईल त्याची."

"मंग सजा नाई पाहिजे."

"म्हणजे केस नको?"

"केस पाहिजे. सजा नाई पाहिजे." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जसं कोणी चहा पाहिजे पण साखर नको म्हणावं.

मी रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली. चौथ्या का पाचव्या दिवशी खुशालभाऊ हसत हसत आले. नोटीस मिळाली की नाही हे बघायला ते स्वतः विलासच्या घरी जाऊन आले होते. मिळाली होती, पण त्याच्या आईला वाचता येत नव्हती, म्हणून यांनीच मोठ्यानं वाचून दाखवली, अवघड शब्द समजावून सांगितले आणि तिथंच जेवून आले.

"माझ्या नोटिशीत 'कठोर कारवाई' लिहिलं होतं, तेही वाचलंत?"

"वाचलं ना. तिथी आवाज जरा हळू केला."

पंधरा दिवस गेले. पैसे काही आले नाहीत आणि आम्ही फिर्याद दाखल केली. तेव्हापासून खुशालभाऊंना कायद्याचा नाद लागला. भाजीवालीनं वांग्याचा भाव वाढवला तर "नोटीस देल्याबिगर कसा वाढवते तू?" शेजाऱ्याची बकरी पडद्याची कड चावून गेली, तर त्यांनी शेजाऱ्याला बोलावून तोंडी नोटीस दिली आणि पंधरा दिवसांची मुदतही दिली. शेजारी म्हणाला, मुदत कोणाला, मला की बकरीला? खुशालभाऊ म्हणाले, "दोघाले बी."

पहिल्या तारखेला जामिनाचा प्रश्न आला. गुन्हा जामीनपात्रच, पण एक जामीनदार लागतो, ज्याच्या नावावर घर-शेत काहीतरी असेल. विलासला गोंडपिपरीत कोण ओळखणार? त्याच्यासाठी सरकारकडून मिळालेला तरुण वकील इकडेतिकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात खुशालभाऊ पुढे झाले आणि त्यांनी पिशवीतून घरटॅक्सची पावती काढून बाबूपुढे ठेवली. तीही लॅमिनेशन केलेली.

बाबूनं नाव वाचलं. फायलीत बघितलं. पुन्हा पावती वाचली. "अहो, तुम्ही फिर्यादी आहात."

"हव जी."

"मग आरोपीला जामीन तुम्ही कसे राहता?"

"मंग कोण राहीन? इथी त्याले मीच ओळखतो."

सगळं कोर्ट हसलं. मी टेबलाखाली शिरावं अशी माझी अवस्था. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विलासला जातमुचलक्यावर सोडलं आणि मला एवढंच सांगितलं, "मॅडम, तुमच्या अशिलाला जरा बाजू समजावून सांगा." मी समजावून सांगितली. खुशालभाऊंनी ऐकून घेतली. त्यांना ती फारशी पटली नाही.

मग तारखा सुरू झाल्या. तारखेच्या दिवशी खुशालभाऊ पहाटे उठून पाटोड्यांची भाजी करायचे, भात टाकायचे, डबा भरायचे आणि आदल्या रात्री ऊर्जानगरहून घरी आलेल्या विलासला त्याच्या गावावरून घेऊन यायचे. आमचा पुकारा होईपर्यंत दोघं झाडाखाली बसून असायचे. खुशालभाऊ बोलायचे आणि विलास ऐकायचा. कोणत्या गावात स्टेज कोसळलं, कोणत्या नाटकात राजा झोपडीच्या पडद्यापुढे येऊन उभा राहिला, महालाचा पडदा कोणी रंगवला, असं सगळं. मधूनच त्यांना आठवण यायची की हा आपला आरोपी आहे. मग ते आवाज चढवून म्हणायचे, "अन् तुले चेक देताना समजत नाई का रे?" विलास म्हणायचा, "चुकलं भाऊ." खुशालभाऊ म्हणायचे, "भाजी घे अजून."

जबाबाच्या दिवशी तर त्यांनी कळसच केला. साहेबांनी विलासला विचारलं, पैसे का दिले नाहीत? तो म्हणाला, "जी, वाघ बसला होता रस्त्यावर."

"चेक दिलात तेव्हा वाघ होता?"

"नाई जी. चेक आधीच देल्ला होता. वाघ मंग आला."

"वाघाचा तुमच्या खात्याशी काय संबंध?"

विलासला ते काही मांडता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून खुशालभाऊ उठले. "खरं बोलून राह्यला जी तो. मी बी पाह्यला वाघ. भल्ला मोठा होता." फिर्यादीच आरोपीची साक्ष द्यायला उभा. मी त्यांना सदऱ्याला धरून खाली ओढलं. त्या दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पुन्हा तोंड उघडलं तर दुसरा वकील बघा. ते म्हणाले, "तुमी कायले चिडता बाई? केस तं माही आहे."

मला न कळणारी गोष्ट एकच होती. विलास मध्ये मध्ये थोडे थोडे पैसे घेऊन यायचा आणि खुशालभाऊ परत करायचे. "असे तुकड्यात नाई घेत मी. देशीन तेव्हा एकदम दे." मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. पण साहेब रजेवर असले आणि बाबूनं नुसती पुढची तारीख दिली की इतर सगळे कपाळावर हात मारायचे, आणि हे खुशीत विचारायचे, "कोणता वार आला?" त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगा वर्षातून एकदा, पोळ्याला यायचा, नाहीतर तेही नाही. नाटकांचा मोसम संपला की पडद्यांच्या खोलीत ते आणि उंदीर. हे सगळं मला माहीत होतं, पण केसशी जोडून पाहायचं डोक्यात आलं नाही. आम्ही वकील लोक कागद बघतो.

यंदा उन्हाळा लागताना विलास एकटाच माझ्या घरी आला. ऊर्जानगरला नवा ठेकेदार आला होता. सगळ्यांचे गेटपास नव्यानं होणार होते आणि ज्याच्यावर कोर्टात काही चालू आहे त्याला घ्यायचं नाही असं त्यानं सांगून टाकलं होतं. शुक्रवारपर्यंत केस निकाली निघाल्याचा कागद दाखवला नाही तर विलासची जागा दुसऱ्याला. पोरानं मंडळाच्या सदस्यांच्या दारोदार फिरून, काही आपले घालून पूर्ण रक्कम जमवली होती. "तेवढं भाऊले सांगा ना बाई," तो म्हणाला. "मी सांगतो तं ते विषय बदलवते."

चेकच्या केसमध्ये तडजोड होते. फिर्यादीनं पैसे मिळाले असं लिहून दिलं की आरोपी मोकळा. पण सही फिर्यादीची लागते. तारीख गुरुवारची होती. मी कागद टाइप करून ठेवला. दोघं नेहमीसारखे गाडीवरून आले. विलासनं पैसे टेबलावर ठेवले. खुशालभाऊंनी ते पाहिले आणि झाडाकडे बघू लागले.

"मोजा भाऊ, आणि इथे सही करा," मी म्हटलं.

"आज कायची घाई आहे? घेऊ पुढच्या तारखेवर."

"पैसे समोर आहेत. पूर्ण आहेत. मग तारीख कशाला?"

"व्याजाचं पाहा लागन."

"व्याज नको म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"बँकेनं कापले ते?"

"ते धरले आहेत त्यानं. दोन्ही वेळचे."

डब्याचं झाकण उघडायचं आणि लावायचं असं चाललं. मला राग आवरेना. "भाऊ, याचा नवा ठेकेदार उद्या कागद मागतो आहे. आज सही नाही झाली तर याचं काम जातं. तुमच्या तारखांपायी पोराच्या पोटावर पाय देता का? आधीच दर तारखेला याची त्या दिवसाची मजुरी बुडते."

खुशालभाऊंचा हात थांबला. "मजुरी बुडते?"

विलास खाली बघत राहिला.

"काऊन सांगितलं नाई रे मले?"

"का सांगू भाऊ," विलास म्हणाला. "तुमी पहाटे उठून भाजी करून आणत होते."

खुशालभाऊंनी कागद ओढला, माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि न वाचता सही केली. पैसे मोजलेही नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, केस संपली तं हा कायले येईन माह्याकडं? घरी बोलाले कोणी नाई. मले वाटलं, चालते तेवढी चालू द्या." मी कागद उचलला आणि आत गेले.

पुकारा झाला. दोघं साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी कागद वाचला आणि अशा वेळी विचारतात ते प्रश्न विचारले.

"पैसे मिळाले?"

"मिळाले जी."

"कोणी दबाव आणला नाही ना तुमच्यावर?"

"वकीलबाईनं थोडा आणला जी. पण तो बराबर होता."

"आता आरोपीविरुद्ध तुमची काही तक्रार उरली आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं, विलासनं पाहिलं. एवढा वेळ गेला की बाबूनंही मान वर केली.

"एक आहे जी," खुशालभाऊ म्हणाले.

एका शब्दानं पोराचा गेटपास जाणार होता.

"पोट्टा लय चूप रायते जी. पैशाचं बी नाई बोलला, मजुरीचं बी नाई. सांगितलं असतं तं मी कवाच सही केली असती. आता मले रोज वाटन, का याले अजून काई पाहिजे असन अन् हा सांगून नाई राह्यला." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हे तुमच्या कागदात बसत नसन तं राहू द्या जी."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना कधी असं करताना मी पाहिलं नव्हतं. मग ते विलासकडे वळले. "आरोपीला काही सांगायचं आहे?"

विलासनं साहेबांकडे पाहिलंच नाही. तो खुशालभाऊंकडे वळून म्हणाला, "भाऊ, मले बुधवारी सुट्टी रायते. दर बुधवारी. खोलीवर मी एकटाच असतो."

कोर्टात असं आपसांत बोलायची परवानगी नसते. साहेबांनी थोडा वेळ ऐकू न आल्यासारखं केलं, मग चष्मा लावला आणि टंकलेखकाला सांगितलं, "लिहा. फिर्यादीची आरोपीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही."

बाहेर आल्यावर मी विलासला निकालाची नक्कल मिळवून दिली. खुशालभाऊ तोवर कुठेतरी गेले होते. शोधलं तर बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीशी उभे. ऊर्जानगरकडे जाणारी बुधवारची पहिली गाडी किती वाजता निघते, ते खिडकीतल्या माणसाला विचारत होते, आणि त्यानं रोज एकच वेळ असते म्हणून सांगितलं तरी पुन्हा विचारत होते, बुधवारची सांगा.